अस्वलाचं आडनाव

प्रल्हादरावांना आपल्या नातीचं आडनाव धड म्हणता येत नव्हतं, आणि शैला नऊ वर्षांची होईपर्यंत त्यांना ते कधी खटकलंही नव्हतं. अकोल्यात कुणी विचारलंच, की मीनाक्षीच्या सासरचं आडनाव काय हो, तर ते म्हणायचे, "अमेरिकन आहेत ते," आणि पोह्यांची बशी पुढे सरकवायचे. विचारणाऱ्याला नेमकं काय जाणून घ्यायचं असतं हे त्यांनाही ठाऊक होतं. आडनावावरून जात, जातीवरून घराणं, एवढा हिशेब आपल्याकडे पोहे संपायच्या आत होतो. परदेशी आडनावाशी तो हिशेब अडायचा, आणि विषय तिथेच मिटायचा.

जावई डॅन दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फावरून गाडी घसरून गेला. प्रल्हादराव तोवर निवृत्त झाले होते, पत्नी आधीच गेलेली. सन शहाऐंशीच्या सुरुवातीला मीनाक्षीने त्यांना अमेरिकेत ॲन आर्बरला बोलावून घेतलं. ती युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये कामाला होती. शाळेतून आलेल्या शैलाजवळ घरात कुणीतरी हवं होतं.

आजोबा-नातीचं चांगलं जमलं. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेला माणूस. मूल समोर दिसलं की त्यांचा हात आपोआप खडूसाठी खिसा चाचपायचा. पोरगी इंग्रजीत उत्तर द्यायची, ते मराठीत विचारायचे, आणि दोघांचं काही अडायचं नाही. उत्तर चुकलं तर ते रागवायचे नाहीत. "अस्सं? पुन्हा एकदा बघू," एवढंच म्हणायचे आणि थांबायचे. किती वेळ थांबावं लागेल याची त्यांना कधी घाई नसे.

त्यात मीनाक्षीचं दुसरं लग्न ठरलं. मुलगा श्रीरंग ढवळे, सांता क्लाराला कॉम्प्युटर कंपनीत, पहिलं लग्न मोडलेलं. माणूस सरळ होता. जूनमध्ये लग्न, मग तिघांनी कॅलिफोर्नियाला राहायचं, श्रीरंगच्या आईसकट, आणि प्रल्हादरावांनी अकोल्याला परतायचं. सगळं जमत आलं, तेव्हा प्रल्हादरावांनी स्वतः होऊन एक गोष्ट मध्ये घातली. शैलाला ढवळ्यांनी आपलं नाव द्यावं.

यामागे त्यांच्या मनात त्यांच्या वर्गातला एक मुलगा होता. त्याच्या आईने दुसरं लग्न केलं, पण सावत्र बापाने त्याला नाव दिलं नाही. हजेरी घेताना दोघा भावांची दोन आडनावं आली, की सगळा वर्ग मागे वळून त्या एकट्याकडे बघायचा. उद्या मीनाक्षीला आणखी एक मूल झालं, तर आपली शैला त्याच घरात बाहेरची ठरणार, ही भीती त्यांना झोपू देत नव्हती.

श्रीरंगची लगेच हो म्हणायची तयारी होती. त्याची आई मात्र फोनवर फटकन म्हणाली, "मीनाक्षीला सून म्हणून घेतेच आहे मी. पण गोऱ्याच्या मुलीला आमचं नाव? लोक काय म्हणतील, मास्तर?"

"ताई, लेकरू आहे हो. पदरात घ्या," प्रल्हादराव म्हणाले. जन्मात कुणापुढे वाकला नव्हता हा माणूस, पण त्या फोनवर त्यांनी पुष्कळ रदबदली केली. शेवटी बाई नमल्या. फोन ठेवला तेव्हा प्रल्हादरावांचे डोळे भरून आले होते. नातीसाठी आपण काहीतरी मोठं मिळवलं, असं त्यांना वाटलं.

आता एकच काम राहिलं होतं, डॅनच्या वडिलांना सांगायचं. ते इप्सिलांटीला एकटे राहत, बसने गेलं तर फार दूर नाही.

"ते तुम्हीच सांगा, बाबा," मीनाक्षी म्हणाली. "मोठ्यांच्या गोष्टी मोठ्यांनी बोलायच्या असतात ना आपल्यात?"

"सांगतो की. शनिवारी शैलाला घेऊन जातोच आहे."

डॅनच्या वडिलांचं नाव कॉर्नेलियस. सगळे त्यांना कॉन म्हणत. विशीच्या आत आयर्लंडातल्या कॉर्कहून आलेला, मोटारींच्या कारखान्यात हाडं झिजवून रिटायर झालेला, बायको गेलेली, एकुलता मुलगाही गेलेला. घर लहान, पण नीटनेटकं. चहा मात्र असा काळा आणि कडक, की प्रल्हादरावांना पहिल्या घोटातच हा माणूस आपला वाटला.

पद्धतीप्रमाणे आधी तब्येतीची चौकशी करायची, मग हवापाण्याची, आणि मग हळूच विषयाला हात घालायचा. त्यांनी सुरुवात केली, "मिस्टर महोनी, तुमचे गुडघे आता..."

"माहनी," म्हातारा म्हणाला.

"काय?"

"माहनी. जोर पहिल्यावर. मा! पुढचं पटकन गिळून टाकायचं. महोनी अमेरिकेत म्हणतात."

प्रल्हादरावांनी कप खाली ठेवला. उच्चार म्हटलं की त्यांच्यातला मास्तर जागा व्हायचा. "मा-हनी," ते म्हणाले.

"तुकडे नका करू. माहनी."

"माहनी."

"हां! पहिल्याच दिवशी जमलं तुम्हाला. आमच्या फोरमनला एवढ्या वर्षांत जमलं नाही."

शैला बिस्किट चहात बुडवता बुडवता थांबली. "पण ग्रँडपा, डॅडी तर महोनी म्हणायचा. मम्मी पण. शाळेत टीचर पण."

"तुझा डॅडी तुझ्याएवढा होता तेव्हा एक दिवस शाळेतून आला," कॉन म्हणाला, "आणि मला म्हणाला, डॅड, तुला आपलं नाव नीट म्हणता येत नाही. सिस्टर सांगत होत्या." तो हसला, पण ते हसू पुरतं चेहऱ्यावर आलं नाही. "मी काय बोलणार? शाळेत चांगले मार्क मिळत होते त्याला. म्हटलं, असू दे. घरात मी एकटा माहनी राहिलो, बाकी सगळे महोनी."

"व्हॉट डज इट मीन?" शैलाने विचारलं.

नावाला अर्थ असतोच, ही सवय तिला आजोबांनीच लावली होती. कॉनने खुर्ची पुढे ओढली. "अस्वल," तो म्हणाला. "खूप जुन्या काळी आमच्या भागात एक राजा होता, त्याचं नाव अस्वल. आम्ही त्याच्या वंशातले, असं सगळेच माहनी सांगतात. माझे वडील दुसऱ्याची गुरं चारायचे, तेही सांगायचे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण त्या शब्दात गंमत आहे. माझे वडील म्हणायचे, त्याचे दोन तुकडे केले तर अर्थ होतो चांगलं वासरू."

"अस्वल म्हणजे वासरू?" शैला खिदळली.

"रानात राहणारी माणसं ती. अस्वलाचं नाव घेतलं आणि ते आलं तर? म्हणून त्याला म्हणायचं, चांगलं वासरू."

प्रल्हादरावांनी मांडीवर थाप मारली. "अहो, आमच्याकडेही असंच आहे! दिवे लागल्यावर सापाचं नाव घेत नाहीत. माझी आई म्हणायची, कोठीत जनावर निघालं. नाहीतर लांबडं निघालं. साप म्हणायची तिची छाती नव्हती!"

"मग आला का कधी?" कॉनने विचारलं.

"आला ना. पण तिने बोलावलं नव्हतं."

दोघे म्हातारे खो खो हसले. मग प्रल्हादरावांनी आपल्याकडची जनावरं बाहेर काढली, वाघ, लांडगे, कोल्हे, मोरे. लांडगे नावाचा एक अतिशय गरीब स्वभावाचा हेडमास्तर त्यांना भेटला होता, तोही किस्सा झाला. कॉनने सांगितलं, की आयर्लंडात अस्वल औषधालाही उरलेलं नाही, हजारो वर्षांपूर्वीच संपलं. नाव तेवढं राहिलं. शैला एकदा याच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. डॅन गेल्यानंतर ती इतकं हसताना प्रल्हादरावांनी पाहिलं नव्हतं. अशा वेळी ते बोलणं काढायचं तरी कसं?

"सांगितलंत?" घरी आल्यावर मीनाक्षीने विचारलं.

"पुढच्या शनिवारी."

पुढच्या शनिवारीही तेच झालं. कॉनने अस्वल नावाच्या त्या राजाची आणखी एक गोष्ट सांगितली, आणि शेवटच्या बसची वेळ झाली. प्रल्हादराव मनाशी म्हणत होते, मुलगी शिकते आहे, तिला शिकू द्यावं. शिकणाऱ्या मुलाला मधे तोडू नये, हा त्यांचा जन्माचा नियम होता, आणि त्या नियमाआड त्यांना मजेत लपता येत होतं.

शैलाने मात्र शिकलेलं सगळीकडे वापरायला सुरुवात केली. शाळेत टीचरला दुरुस्त केलं. लायब्ररीतल्या बाईंना दुरुस्त केलं. एका संध्याकाळी मीनाक्षी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "धिस इज मीनाक्षी महोनी," तर ही मागून ओरडली, "माहनी, मम्मी! मा!"

मीनाक्षीने बोलणं कसंबसं संपवलं आणि फोन आपटला. "बाबा, काय शिकवताय तुम्ही तिला? जूनपर्यंतचं नाव आहे ते!"

"अगं, तिला आवडतंय..."

"आवडायला लावलंत तुम्ही! तिला कोर्टात काय विचारणार आहेत, माहीत आहे ना? वकील म्हणाला, जज मुलीला स्वतः विचारेल. आणि तुम्ही त्यांना अजून सांगितलं नाहीये, हो ना?"

शैला जिन्याच्या पायरीवर बसून दोघांकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. मम्मीने तिला जवळ बसवून समजावलं होतं, की श्रीरंगकाका किती चांगले, आपण सगळे एका नावाचे होणार. तेव्हा तिने "ओके" म्हटलं होतं. तिसऱ्या इयत्तेतलं मूल आणखी काय म्हणणार!

त्या शनिवारी प्रल्हादराव ठरवूनच निघाले. बसमध्ये त्यांनी इंग्रजी वाक्यं मनात जुळवली. कॉनने दार उघडलं, चहा ठेवला. प्रल्हादरावांनी गुडघ्यांची चौकशी केली. हवेची केली. कारखान्याच्या पेन्शनीची केली. घसा खाकरला. तेवढ्यात शैला म्हणाली, "ग्रँडपा, मी ढवळे झाले की अस्वल कुणाचं होणार?"

कॉनला काही कळलं नाही. "काय झालीस की?"

"ढवळे. जूनमध्ये. माझं नाव चेंज होणार आहे ना. मग अस्वल माझं राहील, की फक्त तुझं?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग प्रल्हादरावांकडे. "बाहेर झोपाळ्यावर जाऊन बस, शैला," तो म्हणाला. ती गेली. तो उठला, किटलीखालचा गॅस बंद केला, आणि पाठमोराच उभा राहिला.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"तेच सांगायला मी..."

"पहिल्या शनिवारी माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही इथे बसून माझ्याकडून उच्चार शिकत होतात."

प्रल्हादराव बोलू लागले ते थांबेनात. सावत्र बापाने नाव देणं आमच्यात लहान गोष्ट नाही, सगळे देत नाहीत, नवऱ्यामुलाची आई तयार नव्हती, मी हातापाया पडलो, पोरीला त्या घरात कुणी परकं म्हणू नये म्हणून. आपलं इंग्रजी तोकडं पडतंय असं त्यांना वाटत होतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. ही गिव्हज हिज नेम. ही इज गिव्हिंग.

"कुणाला देतोय?" कॉन वळून म्हणाला. "ती काय बिननावाची आहे? रस्त्यावर सापडली तुम्हाला?"

प्रल्हादरावांची नजर बाहेर झोपाळ्याकडे गेली.

"माझा मुलगा मेला. पळून नाही गेला तो, मास्तर. त्याने तिला नाव दिलंय." कॉनचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "त्याच्यामागे ते चालवणारं दुसरं कुणी नाही. कुणाची कल्पना ही? त्या माणसाची?"

"माझी," प्रल्हादराव म्हणाले.

कॉनने मान हलवली. शैलाचा कोट खुंटीवरून काढून त्याने त्यांच्या हातात दिला. चहा तसाच राहिला.

त्या दिवशी बसच्या खिडकीतून चिखल झालेला बर्फ बघत प्रल्हादरावांना एक गोष्ट स्वच्छ दिसली. इतके दिवस ते नाव देण्याचा विचार करत होते, त्यात शैलाजवळ आधी काही आहे हे त्यांनी धरलंच नव्हतं. अकोल्यात पोह्यांची बशी पुढे करताना जे आडनाव ते गिळत आले, ते त्यांच्या लेखी आडनावच नव्हतं. रिकामी जागा होती. ती भरायला ते निघाले होते.

घरी आल्या आल्या ते मीनाक्षीला म्हणाले, "हे नाव बदलायचं राहू दे. राहू दे शैलाला आहे तशी."

मीनाक्षी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातला टॉवेल घडी न करताच ठेवला. "बाबा, आता?"

"चुकलं माझं."

"तुमचं चुकलं, आणि फोन मी करू? त्या बाईंना काय सांगू? तुम्ही पदरात घ्या म्हणालात, त्यांनी घेतलं. त्यांनी तिकडे सगळ्यांना सांगितलंय, मी त्या मुलीला आमचं नाव देतेय म्हणून. देवळात पेढे वाटलेत त्यांनी! आता म्हणू, आम्हाला नको तुमचं नाव?"

"श्रीरंग समजून घेईल."

"घेईल. श्रीरंग सगळं समजून घेतो. पण त्याला दिवसभर ऑफिस आहे. त्या घरात दिवसभर त्या बाईंबरोबर माझी मुलगी असणार. नाव नाकारलेली मुलगी म्हणून असू दे का?" तिने टॉवेल पुन्हा उचलला आणि तसाच टाकला. "डॅन होता तेव्हा एकदा तरी त्याचं नाव घेतलंत का तुम्ही? पत्रात 'जावईबापू', फोनवर नुसतं 'ते'. आता त्याचं आडनाव नीट म्हणता यायला लागलं, तर ते सोडवेना तुम्हाला?"

प्रल्हादराव कोचावर बसून राहिले. टॉवेलांची घडी शेवटी शैलाने घातली.

कोर्टाचा दिवस मे महिन्यातला होता. कॉन आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण अडवायलाही तो आला नव्हता. जुना सूट घालून तो मागच्या बाकावर बसला. श्रीरंग विमानाने आला होता. त्याने उठून म्हाताऱ्याशी हात मिळवला आणि काय बोलावं न सुचून उगाच "थँक यू" म्हणाला.

जज चष्म्यावरून बघणाऱ्या एक प्रेमळ बाई होत्या. "शैला महोनी," त्यांनी हाक मारली.

"माहनी," शैला म्हणाली.

बाई हसल्या. "सॉरी. माहनी. बरोबर?"

"हो."

"सुंदर नाव आहे. ते बदलून ढवळे करायचंय, असं तुझी आई म्हणते. तुला हवंय का तसं?" आणि बाई थांबल्या. घाई न करता, मुलाला वेळ देत.

शैलाने मम्मीकडे पाहिलं. मीनाक्षी पर्सच्या बंदाशी खेळत होती. शैलाने श्रीरंगकडे पाहिलं. तो तिला धीर द्यायला हसला. मग तिने आजोबांकडे पाहिलं. अवघड गणित आलं की ती अशीच बघायची. प्रल्हादरावांच्या मनात आलं, की आपण फक्त मान हलवली, जराशी, आडवी, तर ही पोर नाही म्हणेल. आणि मग? मग सांता क्लाराच्या त्या घरात तिला रोज या नाहीचा जाब द्यावा लागेल, तेव्हा आपण अकोल्यात असू. त्यांनी खाली पाहिलं. आपल्या बुटांकडे पाहिलं.

"आय डोंट माइंड," शैला म्हणाली.

बाईंनी आणखी एकदा विचारलं, शैलाने आणखी एकदा तेच सांगितलं. काम संपलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मीनाक्षी वकिलाशी बोलत होती, श्रीरंग गाडी आणायला गेला होता. कॉन प्रल्हादरावांजवळ आला. त्या शनिवारनंतर ते एकमेकांशी बोलले नव्हते.

"ते नवीन आडनाव," तो म्हणाला, "कसं म्हणायचं ते मला शिकवा."

"कशाला?" प्रल्हादरावांच्या तोंडून निघून गेलं.

"मी फोन करणार तिला. तिकडे त्या बाई उचलतील. मला चुकीचं नाव घेऊन मुलीला मागायचं नाही. चुकीच्या नावाने हाक मारली की कसं वाटतं, ते मला माहीत आहे."

प्रल्हादरावांनी ओठ ओले केले. "ढ-व-ळे."

"डावले."

"ढ. पोटातून. ढ."

"ड्ह."

"आणि शेवटी ळ. जीभ मागे वळवायची, टाळूला लावून सोडायची. ळ. ळे."

म्हातारा जीभ वळवू लागला. शेजारून जाणारा एक कारकून थबकून बघून गेला. "ले," कॉन म्हणाला. "ले. नाही?"

"पुन्हा एकदा बघू."

"याचा अर्थ काय?"

"ढवळा म्हणजे पांढरा बैल."

"म्हणजे गुरंच." कॉन किंचित हसला. "डावले. ड्हवले."

शैला दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली होती. कॉनने तिच्याकडे बघून विचारलं, "जमतंय का मला?"

तिने आजोबांकडे पाहिलं नाही. "इट्स ओके, ग्रँडपा," ती म्हणाली. "सगळे तसंच म्हणणार आहेत."

"नाही, नाही. नीट म्हणायला हवं," कॉन म्हणाला. "मास्तर, पुन्हा सांगा."

प्रल्हादरावांनी सांगितलं. कॉनने पुन्हा म्हटलं. चुकलं. बाहेर श्रीरंगने हॉर्न वाजवला, मीनाक्षीने शैलाला हात धरून नेलं, आणि दोघे म्हातारे कॉरिडॉरमध्येच उभे राहिले. एक जीभ वळवत होता, दुसरा त्याच्यासाठी थांबला होता.